सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट बिघडलेलंच: निदान हाही एक संशोधनप्रश्नच

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न बऱ्याचदा येतो: सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी यांत फरक काय? व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. पण समोरच्याने लगेच विचारलं, "बरं, टेस्ट निगेटिव्ह आली. मग आता तुम्ही काय म्हणाल?" की गाडी अडते. आज हाच दुसरा प्रश्न घेऊ, आणि उदाहरण असं घेऊ जे होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर सापडतं: महिनोन्‌महिने बिघडलेलं पोट आणि हातात नॉर्मल रिपोर्टांची फाइल.

समजा, २६ वर्षांची एक मुलगी आहे (काल्पनिक आहे, पण तुम्हाला ओळखीची वाटेल). चौदा महिन्यांपासून पोट दुखतं, फुगतं, मधूनच जुलाब होतात. सोनोग्राफी झाली, सीबीसी झालं, लिव्हर फंक्शन झालं, शौचाची साधी तपासणी झाली. सगळं नॉर्मल, हिमोग्लोबिन तेवढं थोडं कमी, "मुलींमध्ये असतंच" म्हणून सोडून दिलेलं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, अँटिबायोटिकचा कोर्स झाला. एका व्हिडिओत बघून तिने आठ महिन्यांपूर्वी गहू बंद केला, तेव्हा जरा बरं वाटलं. मग कुणीतरी सीलिएकची टेस्ट सुचवली, ती निगेटिव्ह आली. आता घरचे म्हणतात, "काही झालेलं नाहीये तुला, टेन्शन घेणं बंद कर."

या परिच्छेदात अनुमानाच्या निदान चार चुका आहेत. त्या एकेक करून उलगडू.

नॉर्मल म्हणजे कोणत्या प्रश्नाचं उत्तर?

प्रत्येक टेस्ट एक ठरावीक प्रश्न विचारते. सोनोग्राफी विचारते, पित्ताशयात खडे आहेत का, यकृत-किडनी यांच्या आकारात काही बदल आहे का, कुठे पाणी किंवा गाठ आहे का. आतड्याच्या आतल्या अस्तराबद्दल ती फारच थोडं सांगते. लिव्हर फंक्शन टेस्ट आतड्याबद्दल काही विचारतच नाही. म्हणजे चार रिपोर्ट नॉर्मल आले, याचा अर्थ त्या चार प्रश्नांची उत्तरं "नाही" अशी आली. पाचवा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही.

तो पाचवा प्रश्न काय असू शकतो? उदाहरणार्थ, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन. हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्यात दाह असेल तर या पेशी तिथे गोळा होतात आणि शौचात त्याचं प्रमाण वाढतं. पातळी कमी आली तर आतड्याला मोठा दाह असण्याची शक्यता बरीच घटते. उलट जास्त आली तर लगेच रोगाचं नाव मिळत नाही. साधा संसर्ग किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढते. बघा, एकच टेस्ट "नाही" म्हणायला चांगली आणि "हो" म्हणायला कच्ची असू शकते. सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी वेगवेगळ्या का मोजतात, ते इथे दिसतं.

एकच टेस्ट, वेगवेगळे अर्थ

आता सीलिएक. या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. तपासणीची पहिली पायरी म्हणजे रक्तातल्या टीटीजी-आयजीए या अँटिबॉडी.

२०१६ मध्ये भारतातल्या तीन भागांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सीलिएकचं प्रमाण उत्तर भारतात दर हजारी सुमारे ८.५, ईशान्येत ४.७ आणि दक्षिणेत ०.१ आढळलं. या आजाराला पोषक असलेली जनुकं मात्र तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो गव्हाच्या खाण्यात.

गणितासाठी टेस्टची सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही ९५ टक्के धरू (प्रत्यक्षात किटनुसार आकडे बदलतात). वही घ्या आणि करूनच बघा.

उत्तर भारतातली सरसकट १०,००० माणसं तपासली. आजारी ८५, त्यांतली ८१ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९१५, त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४९६ चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५७७, त्यांत खरे ८१. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट खरा असण्याची शक्यता जेमतेम १४ टक्के.

दक्षिणेत तेच केलं तर १०,००० मध्ये आजारी साधारण १ आणि चुकून पॉझिटिव्ह सुमारे ५००. शक्यता ०.२ टक्के.

आता लक्षणं असलेली माणसं घ्या: जुलाब, वजन घटलेलं, रक्त कमी. समजा, अशांमध्ये आजाराची शक्यता आधीच १० टक्के आहे. १०,००० मध्ये आजारी १,०००, त्यांतले ९५० पॉझिटिव्ह. निरोगी ९,०००, त्यांतले ४५० चुकून पॉझिटिव्ह. शक्यता ६८ टक्के.

किट तेच, रक्त काढणारा तोच, कागदावरचा शब्दही तोच. तरी अर्थ ०.२ पासून ६८ टक्क्यांपर्यंत बदलला. हेच बेझचं प्रमेय. टेस्टच्या आधीची शक्यता माहीत नसेल तर रिपोर्टचा अर्थ लागत नाही. म्हणून चांगला डॉक्टर आधी दहा मिनिटं प्रश्न विचारतो आणि मग टेस्ट लिहितो. आणि तुमच्यासाठी गृहपाठ: पुण्यात वाढलेल्या, रोज पोळी खाणाऱ्या मुलीसाठी यातला कोणता आकडा धराल? सोलापूरकडच्या, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलीसाठी कोणता? "महाराष्ट्र" हे उत्तर पुरेसं का नाही, तेही लिहा.

टेस्टच्या आधी काय घडलं होतं?

आपल्या मुलीची टेस्ट निगेटिव्ह आली. आधीची शक्यता १० टक्के धरली, तर निगेटिव्ह आलेल्या ८,६०० जणांत खरे आजारी ५०. म्हणजे १० टक्क्यांवरून शक्यता ०.६ टक्क्यांवर आली. विषय संपला?

नाही. कारण तिने आठ महिने गहू खाल्लेलाच नव्हता. ग्लुटेन पोटात गेलं नाही की अँटिबॉडीचं प्रमाण हळूहळू उतरतं. आतड्याचं अस्तरही सुधारतं, त्यामुळे बायोप्सीही फसवू शकते. समजा, या स्थितीत सेन्सिटिव्हिटी ९५ वरून ४० टक्क्यांवर आली (हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे). आता १,००० आजाऱ्यांपैकी ६०० निगेटिव्ह येतील, निरोगींतले ८,५५० निगेटिव्ह. ६०० भागिले ९,१५०, म्हणजे ६.६ टक्के. टेस्टपूर्वी १०, टेस्टनंतर ६.६. पैसे गेले, सुई टोचली, कळलं जवळपास काहीच नाही.

यासाठीच ब्रिटनच्या नाइस या संस्थेची सूचना आहे की, तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. शिवाय काही लोकांच्या शरीरात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकारच फार कमी असतो. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येते. म्हणून सोबत एकूण आयजीए मोजतात.

प्रयोगशाळेत आपण याला कंट्रोल म्हणतो. पॉझिटिव्ह कंट्रोलमध्येही बँड दिसली नाही, तर सॅम्पलमध्ये बँड नाही या निरीक्षणाला किंमत नसते. एकूण आयजीए हा त्या टेस्टचा पॉझिटिव्ह कंट्रोल आहे, असं समजा.

केळी आणि गहू

सीलिएकचं कारण कसं सापडलं, ही गोष्ट संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

१९२४ मध्ये सिडनी हास या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने सीलिएकच्या मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. भरपूर केळी, पाव, धान्यं आणि बटाटे बंद. मुलं खरोखर सुधारली. त्या काळात हा आजार जीव घेत असे, त्यामुळे हा उपाय पुढे कित्येक वर्षं चालला. निष्कर्ष निघाला की केळ्यात काहीतरी गुणकारी आहे.

नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना प्रश्न वेगळा पडला. मुलांना काय दिलं, यापेक्षा त्यांच्या ताटातून काय गेलं? १९३० च्या दशकातच त्यांनी काही मुलांचा गहू बंद करून निरीक्षणं सुरू केली होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सीलिएकची मुलं या काळात सुधारली, ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. पण त्या हिवाळ्यात इतकं काही एकदम बदललं होतं की, तेवढ्यावरून कारण ठरवता आलं नसतं. डिके यांचं मोठेपण त्यापुढच्या कामात आहे. त्यांनी मुलांना ठरावीक काळ गहू दिला, ठरावीक काळ बंद केला, पुन्हा दिला. आणि "बरं दिसतंय" एवढ्यावर न थांबता सहकाऱ्यांबरोबर शौचातली चरबी मोजली, कारण आतडं अन्न शोषत नसेल तर चरबी बाहेर पडते. गहू चालू की चरबी वाढते, बंद की उतरते. हे काम १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठात त्यांचा पीएचडीचा प्रबंध म्हणून सादर झालं.

हास यांचं निरीक्षण बरोबर होतं, उपाय लागू पडत होता, कारण मात्र चुकीचं होतं. आणि ते किरकोळ नव्हतं. केळ्यांनी "बरं झालेलं" मूल पुन्हा पाव खायला लागलं, की आजार परत यायची वाट मोकळी होती.

बरं वाटलं, म्हणजे कारण सापडलं?

आपल्या मुलीला गहू बंद केल्यावर बरं वाटलं होतं, हेही खरं निरीक्षण आहे. ते उडवून लावायचं नाही. पण त्यामागे निदान चार शक्यता आहेत.

एक, ग्लुटेन. दोन, गव्हातलं दुसरंच काहीतरी. गव्हात फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. कांद्यात आणि लसणातही असतात. आपल्या आतड्याला ती पचवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी अशा ५९ जणांवर प्रयोग केला, ज्यांना सीलिएक नव्हता पण ग्लुटेन सोसत नाही असं वाटत होतं. प्रत्येकाला आळीपाळीने आठवडाभर तीन प्रकारचे मूसलीचे बार दिले: एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. कोणता बार कधी, हे ना खाणाऱ्याला माहीत ना देणाऱ्याला. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला. ग्लुटेन आणि प्लासिबो यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

तीन, प्लासिबो. २०१० मध्ये आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या ८० रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका गटाला स्पष्ट सांगून बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला गोळ्या नाहीत. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे पहिल्या गटात ५९ टक्के, दुसऱ्यात ३५ टक्के.

चार, आणि ही नेहमी विसरली जाते: सरासरीकडे परतणं. त्रास वरखाली होत असतो. माणूस नवा उपाय कधी करतो? त्रास कळसाला पोचल्यावर. कळसानंतर उतार तसाही येणारच असतो. त्या ३५ टक्क्यांकडे पुन्हा बघा. त्यांना गोळी मिळालीच नव्हती.

घरचं उदाहरण हवं असेल तर चातुर्मासाचं घ्या. कांदा-लसूण बंद, "पोट अगदी हलकं वाटतं." पण त्याच दिवसांत उपास आले, बाहेरचं खाणं कमी झालं, जेवणाच्या वेळा बदलल्या. यातलं नेमकं कशाने? एका वेळी एकच गोष्ट बदलल्याशिवाय सांगता येत नाही.

व्याख्या बदलली की रुग्ण बदलतात

रक्त, शौच, दुर्बिणीतून केलेली तपासणी, सगळं करूनही काही सापडलं नाही, तर बऱ्याचदा नाव मिळतं आयबीएस. अनेकांना वाटतं, हे नाव म्हणजे "आम्हाला कळलं नाही" याचं सभ्य रूप. तसं नाही. त्याला निकष आहेत. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेल्या ३ महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान १ दिवस पोट दुखायला हवं; आणि दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या संख्येत बदल, शौचाच्या स्वरूपात बदल, यांतल्या किमान दोन गोष्टी हव्यात. सुरुवात निदानाच्या किमान ६ महिने आधीची हवी. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संदेशांच्या बिघाडाचा हा आजार मानला जातो. दुखणं खरं असतं. सोनोग्राफीत दिसेल असं काही नसतं, इतकंच.

पण निकष माणसांनीच ठरवलेले असतात. २००६ च्या रोम-३ मध्ये दुखणं "किंवा अस्वस्थता" चालत होती, तीही महिन्यातून ३ दिवस पुरत होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांच्या सर्वेक्षणात, इंटरनेटवरून उत्तरं देणाऱ्यांत रोम-३ प्रमाणे आयबीएस १०.१ टक्के आणि रोम-४ प्रमाणे ४.१ टक्के निघाला. माणसं तीच. व्याख्या बदलली आणि निम्म्याहून अधिक जण यादीतून बाहेर पडले. त्यांचं पोट त्या दिवशी बरं झालं नव्हतं. शोधनिबंधात प्रमाण दिसलं की आधी "कोणत्या व्याख्येने?" असं विचारायची सवय लावून घ्या.

"अस्वस्थता" हा शब्द काढण्यामागे एक कारण असं होतं की, निरनिराळ्या भाषांत त्याचा अर्थ निरनिराळा लागतो. मराठीत प्रश्नावली करायला बसलात तर हे लगेच कळेल. "पित्त झालंय" म्हणजे कुणाची छातीत जळजळ, कुणाची डोकेदुखी, कुणाची आंबट उलटी. "गॅस" पोटातही असतो, छातीतही, आणि काहींच्या पाठीतही. "पोट साफ होत नाही" असं सांगणारा माणूस रोज शौचाला जात असतो. त्याला म्हणायचं असतं की पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. डॉक्टरने हे बद्धकोष्ठ म्हणून लिहिलं की डेटा तिथेच बिघडला. तुमच्यापैकी कुणाला आरोग्यविषयक संशोधन करायचं असेल, तर या शब्दांवर एक अख्खा प्रबंध होईल.

औषध हीच टेस्ट

एक प्रसंग असा येतो की, टेस्टच उत्तर देत नाहीत. भारतात हा पेच ठळकपणे दिसतो: आतड्याचा टीबी की क्रोन्स? दोन्ही बहुधा लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी होतात, दोन्हींत जखमा आणि ग्रॅन्युलोमा दिसू शकतात, आणि टीबीचे जंतू बायोप्सीत बऱ्याचदा सापडत नाहीत. चूक महाग पडते: टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिली तर टीबी फोफावू शकतो. म्हणून कित्येकदा आधी टीबीची औषधं देऊन बघतात आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून तपासतात. पुन्हा कशासाठी? क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर बरं वाटतं, पण त्यांच्या जखमा सहसा भरत नाहीत. "कसं वाटतंय?" हा प्रश्न दोन आजार वेगळे करत नाही, जखम भरली का, हा करतो. डिके यांनी चरबी मोजली, त्याच विचाराची ही पुढची पायरी.

मग तिने काय करावं?

मी वैद्यकीय डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण तिची फाइल संशोधनाची समस्या म्हणून मांडली तर पुढची पावलं दिसतात.

१. धोक्याच्या खुणा आधी बघायच्या: शौचात रक्त, आपोआप घटणारं वजन, ताप, रक्त कमी असणं, झोपेतून उठवणारा जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, सीलिएक किंवा आतड्याच्या दाहाचा आजार. यातलं काहीही असेल तर वाट न बघता पोटविकारतज्ज्ञाकडे जायचं. तिचं कमी हिमोग्लोबिन याच यादीत येतं. "मुलींमध्ये असतंच" म्हणून ते सोडून द्यायचं नाही.

२. दोन-तीन आठवड्यांची नोंदवही: काय खाल्लं, किती वाजता, त्रास ० ते १० पैकी किती, शौच कसं, झोप, पाळी, घेतलेल्या गोळ्या. "नेहमीच दुखतं" यापेक्षा "१४ पैकी ९ दिवस, जेवणानंतर तासाभराने" हे डॉक्टरला कितीतरी जास्त सांगतं.

३. गहू बंद असल्याचं डॉक्टरला स्वतःहून सांगायचं, आणि टेस्ट पुन्हा करायची की नाही, कधी करायची, हे विचारायचं.

४. प्रत्येक नव्या टेस्टला एक प्रश्न: ही पॉझिटिव्ह आली तर उपचारात काय बदलेल? निगेटिव्ह आली तर? दोन्हींचं उत्तर "काहीच नाही" असेल, तर ती टेस्ट कशासाठी?

५. एका वेळी एकच बदल, ठरावीक मुदतीसाठी, आणि नंतर ती गोष्ट पुन्हा सुरू करून बघायची. एकेक पदार्थ कायमचा सोडत गेलं की शेवटी ताटात वरण-भात उरतो आणि कारण कळलेलं नसतंच.

"रिपोर्ट नॉर्मल आहेत" आणि "तुला काही झालेलं नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं निरीक्षण, दुसरा निष्कर्ष. मधल्या पायऱ्या कुणी भरल्या नाहीत, तर भरायला सांगायचा हक्क त्या मुलीला आहे. आणि उद्या शोधनिबंध वाचताना तेच विचारणं हे तुमचं काम आहे.